उद्दिष्टं फाइलमधली आणि प्रश्नपत्रिकेतली

प्रश्न :

पदवीच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं हे पत्र. ओळख पटेल असा तपशील गाळून, मजकूर आटोपता घेऊन देत आहे.

त्या दहाएक वर्षं हा विषय शिकवतात. तास रंगतो, मुलं बसतात, निकालही बरा लागतो. यंदा नव्या विभागप्रमुखांनी प्रत्येकाकडून अभ्यासक्रमाची ध्येयं आणि घटकनिहाय उद्दिष्टं लेखी मागितली आहेत. एका सहकाऱ्याने तयार फाइल पाठवली : ‘विद्यार्थी व्याख्या सांगेल’, ‘स्पष्ट करेल’, ‘विश्लेषण करेल’ अशी वाक्यं, फक्त विषयाच्या जागा रिकाम्या. भरा आणि सही करा. बाईंना हे पटत नाही. ‘माझा तास वर्गाच्या कलाने जातो. आधीच सगळं ठरवलं तर त्यातला जीव जाईल,’ असं त्या लिहितात. उदाहरणही देतात : निवडणुकीच्या जनमत चाचणीवरून एकदा वर्ग पेटला. हजार माणसांना विचारून कोट्यवधींचा कल कसा कळतो, यावर अर्धा तास गेला. उद्दिष्टांच्या चौकटीत तो बसला नसता, असं त्यांना वाटतं.

दुसरी खंतही आहे. गेल्या वर्षी प्रथम श्रेणीत आलेली एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी जमवलेली आकडेवारी घेऊन आली आणि म्हणाली, ‘मॅडम, यात कुठलं सूत्र लावायचं तेवढं सांगा.’ बाई लिहितात, ‘सगळी सूत्रं मी नीट शिकवली होती. तिला ती येतही होती. मग हे काय?’

त्या विचारतात : उद्दिष्टं लिहिणं म्हणजे नुसतं कागद रंगवणं नाही का? लिहायचीच तर कशी? आणि आधीच पोर्शन पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवू?

उत्तर :

नमस्कार मॅडम,

तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि तुम्ही त्या दोन वेगळ्या पानांवर लिहिल्या आहेत. विभागप्रमुखांच्या फॉर्मने तुम्ही वैतागला आहात आणि त्या मुलीच्या प्रश्नाने अस्वस्थ आहात. मला ती एकच गोष्ट दिसते. म्हणून फॉर्म बाजूला ठेवू आणि त्या मुलीपासून सुरुवात करू.

सूत्रं तिला येत होती, हे मी मान्य करते. पण सूत्र वापरणं वेगळं आणि समोरच्या आकड्यांना कुठलं सूत्र लागेल हे ओळखणं वेगळं. हे दुसरं काम तुमच्या अभ्यासक्रमात तिला कुणी कधी करायला सांगितलंच नव्हतं. हा माझा अंदाज नाही. पत्रासोबत तुम्ही गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका जोडली आहे, ती मी पेन्सिल घेऊन वाचली. एकूण गुण ६०. त्यांतले १६ व्याख्या आणि प्रकार सांगण्याला. ३६ गुणांच्या प्रश्नांत ‘खालील सारणीवरून प्रमाण विचलन काढा’, ‘सहसंबंध गुणांक काढा’ अशी भाषा आहे (पहिलं आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचं माप, दुसरं दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचं). म्हणजे काय काढायचं ते प्रश्नातच सांगून टाकलेलं. उरलेले ८ टीपा लिहिण्याला. ‘या आकड्यांवरून अमुक ठरवायचं आहे, तर काय काढाल आणि का?’ असा प्रश्न एका गुणालाही नाही.

तेव्हा ‘मी कधी उद्दिष्टं ठरवली नाहीत, तरी चाललं’ हे तुमचं वाक्य मला पुन्हा तपासावंसं वाटतं. उद्दिष्टं होती. छापील होती, गुणांसकट होती आणि मुलांनी ती बरोबर वाचली होती. तुमच्या विद्यार्थिनीने त्यांतलं प्रत्येक उद्दिष्ट पुरं केलं, म्हणून तर तिला प्रथम श्रेणी मिळाली. प्रकल्पाच्या वेळी पहिल्यांदाच सूत्राचं नाव न सांगणारा प्रश्न तिच्यापुढे आला आणि ती तुमच्याकडे आली. तिचं काय चुकलं?

हे काही तुमच्याच वर्गात घडत नाही. बेन्सन स्नायडर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठात काम करत होते. तिथल्या विद्यार्थ्यांकडे पाहून त्यांनी १९७० साली हेच मांडलं : संस्था तोंडाने स्वतंत्र विचाराची भाषा बोलते, गुण मात्र वेगळ्याच गोष्टीला देते आणि मुलं ही दुसरी भाषा चटकन शिकतात. तसं करण्यात लबाडी नाही, वेळ कमी असलेल्या माणसाचं ते शहाणपण आहे. ‘मॅडम, हे परीक्षेला आहे का?’ या प्रश्नावर आपण शिक्षक उगाच चिडतो. तुमचं खरं उद्दिष्ट काय, एवढंच तो विद्यार्थी विचारत असतो.

आता त्या क्रियापदांच्या फाइलबद्दल. तिचं मूळ शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९५६ च्या, शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणात आहे. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन या सहा पायऱ्या बी.एड.च्या निमित्ताने किंवा एखाद्या प्रशिक्षणात तुमच्या कानावर आल्या असतील. २००१ साली त्यांची सुधारित मांडणी झाली आणि सर्वांत वर ‘निर्मिती’ आली. पण हे काम सुरू झालं ते फॉर्म भरण्यासाठी नाही. १९४८ साली बोस्टनमध्ये महाविद्यालयांचे काही परीक्षक जमले होते. आपापल्या परीक्षांतले प्रश्न एकमेकांना वापरता यावेत, म्हणून कुठला प्रश्न मुलांकडून काय करून घेतो याची सामायिक नावं त्यांना हवी होती. म्हणजे ज्या यादीला तुम्ही आज कागदी घोडे म्हणता, ती प्रश्नपत्रिकेच्या टेबलावर जन्मली. नंतर ती प्रश्नपत्रिकेपासून तुटली आणि नुसती क्रियापदं उरली. तुमचा राग त्या उरलेल्या क्रियापदांवर आहे आणि तो मला रास्त वाटतो.

तेव्हा माझा पहिला सल्ला : काहीही लिहायच्या आधी मागच्या दोन-तीन प्रश्नपत्रिका काढा. प्रत्येक प्रश्नासमोर समासात एवढंच लिहा की हा सोडवताना मूल नेमकं काय करतं. आठवतं? सूत्रात आकडे घालतं? निवडतं? समजावून सांगतं? मग त्या त्या कामाच्या गुणांची बेरीज करा. आपण शिकवतो काय आणि विचारतो काय यातलं अंतर दिसायला यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही. विषय कुठलाही असो, भाषा, इतिहास किंवा संगणक, हे करता येतं आणि एका दुपारी होतं.

आता एक घटक घेऊन पाहू. मध्यवर्ती प्रवृत्तीची मापं, म्हणजे सगळ्या यादीच्या वतीने बोलणारा एक आकडा काढण्याच्या रीती, घेते, कारण सगळे शिक्षक तिथूनच सुरुवात करतात.

फाइलमध्ये लिहिलं आहे : ‘विद्यार्थ्यांना मध्य, मध्यक आणि बहुलक या संकल्पना समजतील.’ (मध्य म्हणजे नेहमीची सरासरी, मध्यक म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, बहुलक म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारा.) यात खोट काहीच नाही, फक्त या वाक्याचा कुणालाही उपयोग नाही. समजलं की नाही हे तुम्ही कशावरून ओळखणार? मान डोलावल्यावरून? शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ साली उद्दिष्टासाठी तीन साधे प्रश्न सुचवले होते आणि मला ते अजून कामाचे वाटतात : विद्यार्थी काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती जमलं म्हणजे पुरे?

ते इथे लावू. समजा वर्गाला ही यादी दिली : १०, १२, १२, १३, १५, १६, १८, २०, २४, १६०. दहा रुग्णांना तपासणीसाठी किती मिनिटं थांबावं लागलं, त्याची ही नोंद. बेरीज ३००, म्हणून मध्य ३० मिनिटं. मध्यक १५.५. तुमच्या आजच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न इथेच संपेल, दोन्ही आकडे बरोबर आले की पूर्ण गुण.

आता प्रश्न असा विचारा : ‘इथे साधारण किती वेळ थांबावं लागतं, असं नव्या रुग्णाने विचारलं. त्याला कुठला आकडा सांगाल?’ तीस मिनिटं सांगितली तर दहापैकी नऊ जण त्याहून कमी वेळ थांबले होते. एका माणसाच्या १६० मिनिटांनी सगळी सरासरी वर ओढली. म्हणून इथे मध्यक. वर्गातली हुशार मुलं लगेच धडा लिहून घेतील : टोकाचा आकडा दिसला की मध्यक. त्यांना तिथेच थांबवा आणि पुढचा प्रश्न टाका : ‘रोज साठ रुग्ण येतात. सगळ्यांची मिळून ताटकळण्याची किती मिनिटं होतात, याचा अंदाज व्यवस्थापनाला हवा आहे. आता?’ आता मध्य लागतो, कारण मध्याला संख्येने गुणलं तरच एकूण मिळते, मध्यकाला गुणून मिळत नाही. आकडे तेच, पण हेतू बदलला म्हणून माप बदललं. ही गोष्ट ज्या मुलाच्या एकदा डोक्यात बसली, तो पुढे कुठल्याही सरासरीकडे डोळे मिटून पाहणार नाही.

मग उद्दिष्ट असं लिहिता येईल : ‘आकड्यांची एक अनोळखी यादी आणि ती कशासाठी हवी आहे हे सांगणारं एक वाक्य दिलं, तर विद्यार्थी योग्य माप निवडेल, ते काढेल आणि ही निवड का केली हे संख्याशास्त्र न शिकलेल्या माणसाला कळेल अशा दोन-तीन वाक्यांत सांगेल.’ वाक्य लांबलं खरं. पण त्यातून तासाला काय करायचं ते कळतं, गृहपाठ काय द्यायचा ते कळतं आणि परीक्षेतला प्रश्न तर त्यात जवळजवळ लिहिलेलाच आहे. उद्दिष्ट, वर्गातलं काम आणि मूल्यमापन ही तिन्ही एका रेषेत हवीत, हे शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ साली विस्ताराने मांडलं. तुमच्याकडे पहिली दोन ठीक असून तिसरं भलतीकडे तोंड करून उभं आहे. वर्गात तुम्ही निवड शिकवत असालही, पण विचारता गणित.

वर्गीकृत सारणीवरून बहुलक काढण्याचं सूत्र या उद्दिष्टात आलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुद्दाम आणलं नाही. पोर्शन पुरा होत नाही म्हणता ना? मग उद्दिष्टांचा सगळ्यांत मोठा फायदा हाच, की काय गाळायचं ते त्यांच्या आधाराने ठरवता येतं. उद्दिष्ट नसलं की सगळंच महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक सूत्र पुस्तकात आहे, आपण शिकलो होतो, पुढच्या वर्षाचे शिक्षक काय म्हणतील, अशी कारणं हजार. उद्दिष्ट समोर असलं की एकच प्रश्न उरतो : हे गाळलं तर सेमिस्टरच्या शेवटी मुलाला कुठली गोष्ट करता येणार नाही? उत्तर ‘तशी काही नाही’ असं आलं, तर तो भाग नोट्समध्ये द्या आणि पुढे चला. तुमच्या यादीत असे तीन-चार तास सहज निघतील, माझी खात्री आहे.

आता तास मरण्याची भीती. ती मी हसण्यावारी नेणार नाही. उद्दिष्टांवरचा हा आक्षेप फार जुना आहे आणि तो घेणारी माणसं लेचीपेची नव्हती. अमेरिकेतले कलाशिक्षणाचे अभ्यासक एलियट आयझनर यांनी १९६७ साली म्हटलं की वर्गात जे घडतं ते इतकं समृद्ध असतं की सगळं आधी लिहून ठेवता येत नाही आणि सगळं एकाच फूटपट्टीने मोजताही येत नाही. कलेच्या वर्गात तर नाहीच. इंग्लंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाउस १९७५ साली आणखी पुढे गेले. त्यांचं म्हणणं साधारण असं की शिक्षणाने माणूस ज्ञानात खरोखर शिरला, तर तो काय करेल हे आधी सांगता येऊ नये. कविता शिकवणाऱ्याला, इतिहासावर वाद घडवून आणणाऱ्याला हे लगेच पटेल. मलाही पटतं. कवितेच्या तासाला ‘विद्यार्थी कवितेतील तीन अलंकार ओळखेल’ असं उद्दिष्ट लिहून कवितेचा जीव घेतलेला मी पाहिला आहे.

पण तुमचं स्वतःचं उदाहरण मात्र तुमच्याच विरुद्ध जातं. जनमत चाचणीवरचा तो अर्धा तास तुम्ही विषयांतर समजता. तुमच्या अभ्यासक्रमात ‘नमुना निवड’ हा सातवा घटक आहे! हजार जणांची निवड खरोखर यादृच्छिक असेल, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी असेल, तर टक्केवारीतली चूक वर किंवा खाली साधारण तीनच्या आत राहते, तीही शंभरात पंच्याण्णव वेळा. मागे लोकसंख्या दहा लाख असो की दहा कोटी, त्याने फारसा फरक पडत नाही. पण निवड कलती असेल, तर दहा हजारांना विचारूनही उपयोग नाही. वर्ग यावर भांडला असेल, तर सातव्या घटकाचा गाभा तुम्ही त्या अर्ध्या तासात शिकवून मोकळ्या झालात. तरी तो तुम्हाला चोरीचा वेळ वाटला, कारण प्रश्नपत्रिका विचारते ‘नमुना निवडीचे प्रकार सांगा’. मग नंतर ते प्रकार लिहून देण्यात दोन तास घालवावे लागले, असंही तुम्हीच लिहिलं आहे. वर्गाच्या कलाने जाणाऱ्या शिक्षकाला उद्दिष्टाची गरज जास्त असते. वाट सोडली तरी आपण कुठे चाललो आहोत हे त्याला ठाऊक असावं लागतं आणि कुठलं विषयांतर पाच मिनिटांत आवरायचं, कुठलं तासभर चालू द्यायचं, हेही.

आयझनर आणि स्टेनहाउस यांच्यासाठी एक जागा मात्र राखून ठेवा. तुमचा प्रकल्प ही ती जागा. मुलांनी आपला प्रश्न आपण शोधावा, आकडे आपण जमवावेत, निष्कर्ष काय निघेल हे तुम्हालाही माहीत नसावं. तिथे ‘शेवटी अमुक करून दाखवेल’ असं लिहू नका. कामाचं वर्णन करा, काय निघालं त्यावर नंतर बोला.

ध्येय आणि उद्दिष्ट यांत फॉर्म गोंधळ घालतो, म्हणून तेही सांगते. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात : ‘कुणी आकडा तोंडावर फेकला तर माझ्या मुलांनी दबून जाऊ नये, त्याला चार प्रश्न विचारावेत, एवढंच मला हवं असतं.’ हे ध्येय आहे आणि सुंदर आहे. ते जसंच्या तसं पहिल्या रकान्यात लिहा, त्याला सरकारी भाषेत घोळू नका. ते मोजता येत नाही आणि मोजायचा अट्टाहासही नको. उद्दिष्टं म्हणजे त्या ध्येयाकडे मुलं सरकताहेत हे कशावरून ओळखायचं, त्याच्या खुणा. खुणा पडताळता आल्या पाहिजेत. जे उद्दिष्ट या ध्येयाला कुठेच भिडत नाही, ते कितीही नेटकं लिहिलं तरी खोडा.

किती उद्दिष्टं? माझं मत स्पष्ट आहे : पूर्ण अभ्यासक्रमाला पाच-सहा. घटकाला नव्हे, अभ्यासक्रमाला. चाळीस उद्दिष्टं लिहिणारा शिक्षक प्रत्येक तासाला कुलूप लावतो आणि मग तुम्हाला जी भीती वाटते ती खरी ठरते. शिवाय चाळीस कुणी वाचत नाही, लिहिणाराही नाही. तुमच्या विषयात मला दिसतात ती अशी : मापाची निवड, आकडे किती विखुरले आहेत ते वाचणं, नमुन्यावरून कितपत बोलता येईल हे सांगणं, सहसंबंध दिसला म्हणून कारण सापडलं असं न मानणं, आणि एखादा आलेख किंवा बातमीतला आकडा तपासणं. तुमची यादी वेगळी असेल आणि ती तुमचीच असावी.

प्रश्नपत्रिका स्वतः काढणाऱ्यांना हे सोपं आहे. पण हे वाचणाऱ्या अनेकांची प्रश्नपत्रिका बाहेरून येते आणि त्यांच्या मनात केव्हाची कुरकुर चालू असेल. त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे बाहेरची परीक्षा हेच उद्दिष्ट मानून तसं शिकवायचं. त्याला नावं ठेवू नयेत, मुलांचं पुढचं वर्ष त्यावर अवलंबून असतं. दुसरी वाट : जे गुण आपल्या हातात आहेत, म्हणजे अंतर्गत मूल्यमापन, गृहपाठ, तोंडी, प्रॅक्टिकल, ते सगळे बाहेरची परीक्षा जे विचारत नाही त्यावर लावायचे. वीस गुण हातात असले तरी बरंच करता येतं. मी दुसरी वाट धरेन, पण मुलांना दोन्हींचा हिशेब पहिल्याच दिवशी उघड सांगेन : हे त्या परीक्षेसाठी, हे आपल्यासाठी.

मुलांना सांगणं हा भाग शिक्षक नेहमी उरकतात. उद्दिष्टांचा कागद वाटला, पहिल्या तासाला वाचून दाखवला, संपलं. तो कागद वहीच्या मागे जातो आणि तिथेच राहतो. त्याऐवजी शेवटच्या परीक्षेत येईल तसा एक प्रश्न पहिल्या तासाला द्या. वर दिलेली ताटकळण्याची यादी चालेल. सूत्र सांगू नका. मुलं सरासरी काढतील, काही गप्प बसतील, एखादा म्हणेल की तो १६० वाला वगळला तर? उत्तरं गोळा करून ठेवा, गुण देऊ नका. मग म्हणा, सेमिस्टरच्या शेवटी असं काही समोर आलं तर तुम्ही चाचपडायचं नाही, त्यासाठी हा अभ्यासक्रम. हे उद्दिष्ट कुणी विसरत नाही. अध्येमध्ये, दर तीन-चार आठवड्यांनी, तसाच पण नवा प्रश्न तासाच्या शेवटची दहा मिनिटं द्या आणि उत्तरं घरी नेऊन नुसती चाळा. वर्ग कुठे अडकला आहे हे तुम्हाला परीक्षेआधी कळेल, आणि ते परीक्षेनंतर कळून काय उपयोग?

‘नवा’ म्हटलं ते जपून म्हटलं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला फेरेन्स मार्टन आणि रॉजर सॅल्यो या संशोधकांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मजकूर वाचायला दिले आणि दर वेळी वाचून झाल्यावर प्रश्न विचारले. एका गटाला तपशिलाचे, दुसऱ्याला मजकुराचं सार आणि युक्तिवाद विचारणारे. पहिला गट पुढचे मजकूर तपशिलासाठीच वाचू लागला, यात नवल नाही. पण दुसऱ्या गटातल्या सगळ्यांनी काही खोल वाचन सुरू केलं नाही. काहींनी फक्त सारांश सांगण्याची युक्ती शिकून घेतली. तुमच्याकडेही हेच होईल. मध्यकाचा तो प्रश्न दरवर्षी त्याच थाटात आला, तर त्याचंही सूत्र होईल आणि कुणीतरी ते छापून विकेल. म्हणून संदर्भ बदलत राहा. एखाद्या वर्षी मध्य हेच बरोबर उत्तर असू द्या. एखाद्या वर्षी असा प्रश्न द्या, ज्याचं प्रामाणिक उत्तर ‘एवढ्या आकड्यांवरून सांगता येत नाही’ हे असेल. हे उत्तर लिहायला मुलांना धैर्य लागतं आणि त्याला पूर्ण गुण द्यायला शिक्षकालाही!

तपासायला वेळ जास्त लागेल, हे खरं आहे. सूत्राचं उत्तर डोळे मिटून तपासता येतं, तीन वाक्यांचं समर्थन वाचावं लागतं. वर्ग मोठा असेल तर असा एकच प्रश्न ठेवा, दहा-बारा गुणांचा, आणि तपासण्याआधी ठरवा : निवड बरोबर असेल तर किती, कारण पटण्यासारखं असेल तर किती, गणित चुकलं तर किती कापायचे. साठांपैकी बारा गुण असे झाले, तरी पुढच्या वर्षीची मुलं अभ्यास वेगळ्या तऱ्हेने करतील. एका वर्षात सगळं बदलू नका. या सेमिस्टरला एकच घटक घ्या आणि त्याच्याच प्रश्नापासून सुरुवात करा.

राहिले विभागप्रमुख. तुम्ही त्यांना विरोधक धरून बसला आहात, पण पत्रातून ते तसे दिसले नाहीत. त्यांच्याकडे फॉर्मऐवजी दोन कागद घेऊन जा : गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेचा तो समासातला हिशेब आणि तुमची सहा उद्दिष्टं, प्रत्येकासमोर एक नमुना प्रश्न. चाळीस ओळींच्या जागी हे चालेल का, असं सरळ विचारा. त्यांच्याकडे वरून जे मागितलं गेलं, तेच ते तुमच्याकडे मागत असण्याची शक्यता आहे. हातात काही खरं आलं, तर ते बहुधा खूशच होतील. आणि प्रत्येक घटकाला किमान चार उद्दिष्टं हवीतच असा नियम निघाला, तर उरलेल्या ओळी सहकाऱ्याच्या त्या फाइलमधून बिनदिक्कत भरा आणि सही करा. फक्त मुलांच्या हातात जाणाऱ्या कागदावर त्या येऊ देऊ नका.